परगावचे वाय-फाय आणि आपल्या घरची राखण

रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. जेवण उरकून मी वर्तमानपत्र चाळत बसलो होतो, तोच कळंब तालुक्यातील गावाहून धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज घाबरलेला. "दादा, पोरगी आजारी हाय का रं? मला कायबी बोलली न्हाई. पण तिच्या आत्याला मेसेज केलाय, दवाखान्यात हाय, लगेच तीन हजार पाठव म्हणून. आत्यानं पाठवले बी."

भाची पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. मी तिला फोन लावला. ती नुकतीच खोलीवर पोचली होती, ठणठणीत होती आणि तिने कोणाकडेही पैसे मागितले नव्हते. मात्र दुपारपासून तिचे व्हॉट्सॲप बंद पडले होते. हळूहळू उलगडा झाला. गावाहून पुण्याला परतताना वाटेत एका बसस्थानकावर गाडी बदलायची होती. फोनमधला डेटा संपलेला. तेवढ्यात फोनवर 'मोफत वाय-फाय' असे नाव दिसले. तिने ते जोडले. एक पान उघडले, त्यात मोबाईल नंबर मागितला. नंबर दिल्यावर फोनवर सहा आकडी कोड आला. तो वाय-फायचाच असणार असे समजून तिने त्या पानावर भरला. प्रत्यक्षात तो तिच्या व्हॉट्सॲप खात्याचा कोड होता. खाते चोराच्या हाती गेले आणि त्याने तिच्या नावाने नातेवाइकांना मेसेज धाडले.

आत्याचे तीन हजार म्हणजे दहा-बारा दिवसांच्या खुरपणीची मजुरी. पण त्या माउलीने पैशाबद्दल चकार शब्द काढला नाही. ती एवढेच म्हणाली, "पैसं गेलं तर गेलं. पण उद्या लेकरू खरंच दवाखान्यात असलं, तर त्या मेसेजवर आम्ही इस्वास ठेवायचा का न्हाई?" या प्रश्नाला त्या रात्री माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधता शोधता जे समजले, ते आपल्या कुटुंबांपर्यंत पोचावे म्हणून हा लेख.

आपली माणसे सदा वाटेवर

वाचकहो, धाराशिव जिल्ह्यातील आपला समाज वर्षातले कितीतरी दिवस घराबाहेर असतो. दसरा-दिवाळीनंतर भूम, वाशी, परंडा, कळंब भागांतील कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तरुण मुले बांधकामावर, कारखान्यात कामासाठी पुण्या-मुंबईस जातात. मुली-मुले वसतिगृहात राहून शिकतात. ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर जातो, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. आजारी माणसाला घेऊन सोलापूर, लातूर, पुणे येथील दवाखान्यांत दिवसेंदिवस बसावे लागते.

पूर्वी परगावी निघालेला माणूस पैसे धोतराच्या किंवा लुगड्याच्या गाठीला बांधत असे. आज बँकेचे खाते, आधारचा कोड, शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, घरच्यांची छायाचित्रे, सारे काही फोनमध्ये असते. गाठोडे बदलले आहे, राखण करण्याची जबाबदारी मात्र तीच आहे.

उघड्या वाय-फायचा धोका नेमका कोणता?

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सार्वजनिक वाय-फाय म्हणजे चोरांचा अड्डा, असे मुळीच नाही. रेल्वे स्थानकांवरील मोफत वाय-फाय रेलटेल या सरकारी कंपनीने गूगलच्या साहाय्याने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू केले. २०२० मध्ये गूगल त्यातून बाजूला झाले, तरी रेलटेलने ते चालू ठेवले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने 'पीएम-वाणी' योजनेला मंजुरी दिली. तिच्यात चहावाला किंवा किराणा दुकानदारही लोकांना वाय-फाय पुरवू शकतो. गरिबांच्या मुलांना याचा उपयोग आहेच.

धोका तीन प्रकारचा असतो. पहिला म्हणजे नकली नाव. वाय-फायचे नाव कोणीही काहीही ठेवू शकतो. लॉजच्या नावाचे वाय-फाय शेजारच्या खोलीतला भामटाही सुरू करू शकतो. फोनला नाव दिसते, मालक दिसत नाही. दुसरा धोका शेजाऱ्यांचा. एकाच वाय-फायवर असलेली अनोळखी उपकरणे, तेथे योग्य बंदोबस्त नसेल तर, एकमेकांना दिसू शकतात. लॅपटॉपवरील उघड्या ठेवलेल्या फाइली अशा वेळी दुसऱ्याला सापडतात. तिसरा धोका टेहळणीचा. आज बहुतेक संकेतस्थळे आणि बँकांची ॲप माहिती कुलूपबंद करूनच पाठवतात. त्यामुळे आपण काय लिहिले हे सहसा कोणाला वाचता येत नाही. पण कोणत्या संकेतस्थळावर गेलो, हे वाय-फाय चालवणाऱ्याला बहुधा कळू शकते.

कुलपाच्या चिन्हाबद्दलही एक गैरसमज आहे. कुलूप दिसले म्हणजे वाट सुरक्षित आहे एवढेच ठरते, पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असे ठरत नाही. भामटाही आपल्या खोट्या पानाला कुलूप लावू शकतो. आणि 'हे संकेतस्थळ सुरक्षित नाही' असा इशारा फोनने दिला, तर 'तरीही पुढे जा' हे बटण कधीही दाबू नये.

खिशातला राउटर म्हणजे काय?

भाचीच्या प्रकरणानंतर घरात एकच चर्चा. मोफत वाय-फाय घ्यायचे नाही म्हटले, तर दिवसभराचे तास मोबाईलच्या डेटावर कसे पाहायचे? तिच्या खोलीत चार मुली राहतात. चौघींत मिळून खोलीमालकाचे एक वाय-फाय. तेच अख्ख्या इमारतीत वापरले जाते आणि पासवर्ड जिन्यात लिहून चिकटवलेला! तेव्हा संगणकाचे काम जाणणाऱ्या एका स्नेह्याने मला खिशात मावणारा प्रवासी राउटर दाखवला.

राउटर म्हणजे इंटरनेट घेऊन ते घरातल्या फोन-लॅपटॉपना वाटून देणारी पेटी. प्रवासी राउटर हे तिचेच लहान रूप. आगपेटीपेक्षा थोडा मोठा, शंभर-दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचा. तो मोबाईलच्या चार्जरवर किंवा पॉवर बँकवर चालतो. वीज फार थोडी लागते. दहा हजार एमएएचची पॉवर बँक त्याला साधारण आठ-दहा तास पुरते, म्हणजे भारनियमनातही अभ्यास अडत नाही.

तो इंटरनेट तीन प्रकारे घेतो. लॉजच्या किंवा वसतिगृहाच्या भिंतीतील केबल त्याला जोडता येते. तेथील वाय-फाय तो स्वतः पकडतो. काही राउटरना आपला मोबाईल यूएसबी वायरीने जोडून त्याचाच डेटा देता येतो. याशिवाय सिमकार्ड घालून चालणारे वेगळे छोटे राउटरही मिळतात. उसाच्या फडावर, जेथे केबल नाही आणि वाय-फाय नाही, तेथे तेच कामाचे. पण टॉवरची रेंज नसेल तर तेही निरुपयोगी, हे लक्षात ठेवावे.

इंटरनेट घेतल्यावर तो आपल्यापुरते एक वेगळे वाय-फाय तयार करतो. त्याचे नाव आपण ठेवलेले, पासवर्ड आपला. आपले चार फोन त्याला जोडलेले राहतात आणि बाहेरच्या जाळ्याला फक्त एकच उपकरण दिसते, तो राउटर. सार्वजनिक धर्मशाळेत उतरलो तरी आपली खोली वेगळी, तिला आपली कडी आणि आपले कुलूप, तसेच हे. शेजाऱ्यांचा जो धोका वर सांगितला, तो यामुळे पुष्कळ कमी होतो. शिवाय घरचेच नाव आणि घरचाच पासवर्ड राउटरला दिला, तर प्रत्येक गावी प्रत्येक फोनमध्ये नवे वाय-फाय जोडत बसावे लागत नाही.

तेरच्या गाड्या आणि व्हीपीएन

पण खोलीला कडी लावली म्हणून रस्ता सुरक्षित होत नाही. राउटरमधून निघालेली माहिती पुढे लॉजच्याच वाय-फायवरून जाते. त्या रस्त्यासाठी व्हीपीएन नावाची सोय आहे.

आपल्या जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर नगरी. येथे बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले आहेत, आणि तेथील त्रिविक्रम मंदिर हे मुळात बौद्ध चैत्यगृह होते असे अभ्यासक मानतात. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचा उल्लेख आहे. येथील माल पैठणच्या मालाप्रमाणेच गाड्यांमधून अवघड वाटेने भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. आता अशी कल्पना करा की, गाडीवरच्या मालाला मजबूत पेटी आहे, पेटीला मोहोर आहे आणि ती भडोचलाच फुटेल. वाटेवरच्या नाकेदाराला गाडी दिसेल, पण पेटीत काय आहे आणि ती शेवटी कोणाकडे जाणार आहे हे कळणार नाही. व्हीपीएन हेच करते. आपली सारी माहिती ते कुलूपबंद करून आधी स्वतःच्या मुक्कामावर नेते आणि तेथून पुढे पाठवते.

चांगल्या प्रवासी राउटरमध्ये हे व्हीपीएन एकदाच बसवता येते. मग त्याला जोडलेला प्रत्येक फोन त्याच बंद पेटीतून जातो. आजीच्या साध्या फोनमध्ये वेगळे ॲप टाकण्याची गरज उरत नाही.

यातही डोळे उघडे ठेवले पाहिजेत. व्हीपीएन घेतले म्हणजे लॉजवाल्याऐवजी त्या कंपनीवर विश्वास टाकला. फुकट व्हीपीएन देणाऱ्यांपैकी काही जण आपली माहितीच विकून पोट भरतात, म्हणून कंपनी पारखून घ्यावी. भारतात व्हीपीएन वापरणे हा स्वतःहून गुन्हा नाही. मात्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार, व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची नोंद पाच वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर हलवले. आणखी एक अडचण अनुभवास येते. आपण परदेशातून आलो आहोत असे दिसले, तर काही बँका आणि सरकारी संकेतस्थळे प्रवेश देत नाहीत. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना असे झाले तर गोंधळून न जाता व्हीपीएन बंद करावे, आपल्या मोबाईलचा डेटा लावावा आणि काम उरकावे.

घरीच तयारी करा

नवा राउटर लॉजवर जाऊन प्रथम उघडू नये. घरीच निवांत बसून पुढील कामे करावीत.

१) राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर त्याचे वाय-फाय, पासवर्ड आणि मांडणीच्या पानाचा पत्ता असतो. फोन जोडून ते पान उघडा आणि सर्वांत आधी मांडणीचा पासवर्ड बदला.

२) वाय-फायला नवे नाव द्या. त्यात आडनाव, गाव किंवा खोली क्रमांक नसावा. सुरक्षेच्या यादीतून डब्ल्यूपीए-३ निवडा, ते नसेल तर डब्ल्यूपीए-२.

३) पासवर्ड किमान बारा अक्षरांचा असावा. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडले की लक्षात राहतो आणि ओळखता येत नाही. आपल्या लोकांचे पासवर्ड 'जयभीम१२३' किंवा १४ एप्रिलची तारीख असे असतात, हे चोरालाही ठाऊक आहे. जय भीम ओठांवर असू द्यावे, पासवर्डात नको!

४) राउटरची आज्ञावली अद्ययावत करा आणि पुढेही दोन-तीन महिन्यांनी पाहत जा. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२ पद्धतीतच एक मोठी त्रुटी उघडकीस आली होती. ज्यांनी आपली उपकरणे अद्ययावत केली, त्यांची ती त्रुटी दूर झाली. बाकीच्यांची तशीच राहिली.

५) बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय आणि बाहेरून मांडणी बदलण्याची सोय, दोन्ही बंद ठेवा.

६) व्हीपीएन घेतले असेल तर ते तुटताच इंटरनेटही थांबेल, अशी मांडणी करा. नाहीतर पेटी फुटली तरी गाडी चालूच राहते आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

परगावी पोचल्यावर आधी व्यवस्थापकाला वाय-फायचे नेमके नाव विचारा. मग राउटरच्या पानावर ते निवडा. तेथील प्रवेशाचे पान उघडत नसेल तर व्हीपीएन क्षणभर बंद करा, प्रवेश घ्या आणि लगेच पुन्हा चालू करा. पाच मिनिटांचे काम आहे. आपला पासवर्ड अनोळखी माणसाला देऊ नका. आपल्या नावावर घेतलेल्या इंटरनेटवरून कोणी गैरकृत्य केले, तर चौकशी आधी आपल्या दारात येते.

राउटर काय करू शकत नाही

आता प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या भाचीच्या हाती त्या दिवशी असा राउटर असता, तरीही ती फसली असती. प्रवेशाचे खोटे पान राउटरमधूनही तसेच दिसले असते आणि तिने कोड तसाच भरला असता. तिचा बचाव एकाच गोष्टीने झाला असता. कोड आलेला तो संदेश पूर्ण वाचण्याने. हा कोड कोणत्या कामाचा आहे आणि तो कोणालाही देऊ नये, हे त्यातच लिहिलेले असते. घाईत आपण आकडे तेवढे पाहतो.

भगवान बुद्धांनी अप्रमादाला, म्हणजे गाफील न राहण्याला, फार मोठे स्थान दिले. आपल्याला वंदना पाठ असते, पण अप्रमाद असतो का? बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याचा फोन, लॉटरीचा मेसेज, 'वीज तोडू' अशी धमकी, यांपैकी काहीही राउटर अडवत नाही. तेथे जागे मनच लागते.

तेव्हा प्रत्येकाने आजच दोन कामे करावीत, त्यांना एक पैसाही लागत नाही. व्हॉट्सॲपच्या मांडणीत जाऊन दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी. मग नुसता कोड चोरून खाते हाती लागत नाही, आपण ठरवलेला पिनही लागतो. आणि फोनमधील जुनी मोफत वाय-फायची नावे पुसून टाकावीत. फोन ती नावे लक्षात ठेवतो आणि तेच नाव पुन्हा दिसले की आपल्याला न विचारता जोडला जातो.

घ्यावा की न घ्यावा?

साधा प्रवासी राउटर साधारणपणे दीड-दोन हजारांपासून मिळतो. व्हीपीएनची चांगली सोय असलेला त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला पडतो, आणि चांगल्या व्हीपीएनची वर्गणी वेगळी. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला हा खर्च लहान नाही. म्हणून सरळ सांगतो, एकट्या माणसाने तो घ्यायलाच हवा असे नाही. बँकेच्या आणि अर्जाच्या कामापुरता मोबाईलचा डेटा वापरला आणि दुसऱ्या उपकरणासाठी फोनचाच हॉटस्पॉट चांगला पासवर्ड ठेवून चालू केला, तर पुष्कळ सुरक्षितता फुकटात मिळते. राउटरचा खरा फायदा तिघे-चौघे एकत्र राहतात तेथे, वसतिगृहात, किंवा रुग्णाला घेऊन महिनाभर परगावी राहावे लागते तेथे होतो. भाचीच्या खोलीतील चौघींनी पाचशे-पाचशे रुपये काढून एक साधा राउटर घेतला. जिन्यातल्या पासवर्डाशी त्यांच्या फोनचा संबंध आता उरलेला नाही.

दुसरा मार्ग आपल्या सवयीचा आहे. बुद्धविहाराची वर्गणी, जयंतीची वर्गणी आपण काढतोच. वस्तीतील दहा घरांनी दोनशे-तीनशे रुपये दिले, तर विहाराच्या अभ्यासिकेचा एक राउटर होतो. परीक्षेला किंवा प्रवेशाला परगावी जाणाऱ्या विद्यार्थ्याने तो न्यावा आणि परत आणून द्यावा. पण एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मागचे बटण टाचणीने दाबून तो पूर्ववत करावा, म्हणजे आधीच्या मुलाचे पासवर्ड त्यात राहणार नाहीत. महिला मंडळाने एक सायंकाळ काढून मांडणी शिकून घ्यावी. आपल्या लेकी हे काम सहज शिकतात.

फसवणूक झालीच तर

लाजून गप्प बसू नये. आत्याने लगेच कोणाला सांगितले नाही, त्यात दोन तास गेले. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, आणि आपल्या बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढच्या खात्यातच गोठवले जाण्याची शक्यता जास्त. दुसऱ्याची ओळख वा पासवर्ड चोरणे आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे, हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६क आणि ६६ड या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या, इंग्रजीतील सी आणि डी या कलमांखाली गुन्हे आहेत. त्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पोलीस ठाण्यात तक्रार देणे हा आपला हक्क आहे, कोणी उपकार करत नाही.

व्हॉट्सॲप चोरीला गेले तर आपल्या नंबरवर पुन्हा कोड मागवून नोंदणी करावी, की चोर बाहेर पडतो. त्याने आपला पिन लावून ठेवला असेल, तर सात दिवस थांबावे लागते. तोवर नातेवाइकांना साधे फोन करून सावध करावे.

आता वेस आपली

फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि परमपूज्य बाबासाहेब तेथे आले. वतनाच्या जोखडाविरुद्ध ते कितीतरी आधीपासून लढत होते. १९२८ सालीच त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. त्या वतनाने आपल्या पूर्वजांवर काय लादले होते? वेसकर होऊन रात्रभर गावाची वेस राखायची, सरकारी टपाल आणि सांगावे डोक्यावर घेऊन ऊन-पावसात कोसन् कोस चालायचे. दुसऱ्याचा निरोप जपायचा, दुसऱ्याचे दार राखायचे, आणि स्वतःच्या पदरी शिळी भाकर. ते ओझे बाबासाहेबांनी आपल्या डोक्यावरून उतरवले.

आज निरोप आपला आहे, दार आपले आहे आणि आत ठेवलेली ठेवही आपल्याच कष्टाची आहे. तिची राखण मात्र कोणी दुसरा करणार नाही.

आत्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही घरात असे ठरवले आहे. पैशाचा मेसेज आला की आधी फोन लावायचा, आवाज ऐकायचा, आणि घरातल्यांनाच ठाऊक असलेला एक शब्द विचारायचा. तो शब्द आत्यानेच निवडला. परवा भाचीने परीक्षेच्या फीसाठी खरोखरच पैसे मागितले, तेव्हा आत्याने फोन लावून आधी तो शब्द विचारला. पोरीने हसत सांगितला, मगच पैसे गेले.

जय भीम!